दिलेले आणि न दिलेले : अध्यापनासाठी ग्रंथांच्या प्रती काढण्याचा कायदा

वलवण येथे भरलेल्या एका पाली अभ्यासवर्गातील प्रसंग आहे. मावळातील निरनिराळ्या गावांतून सुमारे तीस विद्यार्थी आले होते. दुसऱ्या दिवशी कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेख प्रत्यक्ष पाहावयाचे होते. म्हणून त्या लेखांचे मुद्रित पाठ, पाली व्याकरणाची काही पृष्ठे आणि एका आधुनिक इंग्रजी ग्रंथातील एक प्रकरण असा संच आम्ही तयार केला व एका विद्यार्थ्यास त्याच्या तीस झेरॉक्स प्रती काढून आणण्यास लोणावळ्यास पाठविले. तासाभराने तो संच होता तसाच घेऊन परतला. दुकानदाराने ग्रंथाच्या आतील ‘सर्व हक्क स्वाधीन’ या ओळीवर बोट ठेवून प्रती काढण्यास नकार दिला होता. विद्यार्थी म्हणाला, “सर, हे पुस्तक झेरॉक्स करणे म्हणजे चोरी आहे, असे ते म्हणाले. मग आज सकाळी आपण जे दुसरे शील घेतले, त्याचे काय?”

प्रश्न सरळ होता आणि त्याचे सरळ उत्तर त्या क्षणी आम्हांस देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. गेली अनेक वर्षे आम्ही अशा प्रती काढून वर्गात वाटीत आलो आहोत. बहुतेक अध्यापक हेच करतात. परंतु कायदा नेमके काय म्हणतो, हे आम्ही कधी मुळातून वाचले नव्हते. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. तेव्हा प्रथम पाहावयास हवे ते हे की, अध्यापकास व विद्यार्थ्यास कायद्याने काय दिलेले आहे आणि काय दिलेले नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे.

कायद्याचे मूळ रूप

भारतातील सध्याचा प्रताधिकार कायदा, ज्यास आपण नित्य व्यवहारात कॉपीराइटचा कायदा म्हणतो, १९५७ साली संमत झाला व जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २०१२ ची दुरुस्ती अध्यापनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. या कायद्याप्रमाणे लेखकाने कृती निर्माण केली की, तीत त्याचा प्रताधिकार आपोआप उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, किंवा ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापावेही लागत नाही. ती ओळ असली म्हणून हक्क वाढत नाही आणि नसली म्हणून कमी होत नाही. लोणावळ्याच्या दुकानदाराने बोट ठेवले ती ओळ म्हणजे कायदा नव्हे, हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा असा की, प्रताधिकार मांडणीत असतो, विचारात नसतो. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त कोणाच्याही मालकीचा नाही. तो समजावून सांगण्यासाठी एखाद्या विद्वानाने लिहिलेली वाक्ये मात्र त्याची आहेत. सिद्धान्त समजून घेऊन तो आपल्या शब्दांत लिहिणाऱ्यास कोणाची अनुज्ञा घ्यावी लागत नाही.

तिसरा मुद्दा मुदतीचा. हा हक्क अमर्याद काळ टिकत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून पुढे साठ वर्षे तो टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत असता मुदत साठ वर्षांची करण्यात आली आणि १९९२ मध्ये तसा कायदा झाला. मुदत संपली की कृती सर्वांची होते. तिची प्रत काढणे, ती छापणे, तिचा अनुवाद करणे, यांस कोणाचीही संमती लागत नाही.

आपल्या ग्रंथांची मुदत

हा नियम आपल्या नित्य वापरातील ग्रंथांना लावून पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

धर्मानंद कोसंबी यांचे निधन जून १९४७ मध्ये झाले. साठ वर्षे १९४८ पासून मोजावयाची. म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ‘भगवान बुद्ध’ सारखे ग्रंथ १ जानेवारी २००८ पासून हक्कमुक्त आहेत. राहुल सांकृत्यायन एप्रिल १९६३ मध्ये निवर्तले. त्यांनी एकट्याने केलेला मज्झिमनिकायाचा हिंदी अनुवाद १ जानेवारी २०२४ पासून सर्वांना खुला झाला. परंतु दीघनिकायाचा हिंदी अनुवाद राहुलजी व भिक्खू जगदीश काश्यप या दोघांचा आहे. संयुक्त कृतीत शेवटी निवर्तलेल्या लेखकाच्या मृत्यूपासून मुदत मोजतात. काश्यपजींचे निधन १९७६ मधील असल्यामुळे तो अनुवाद २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. पाली-इंग्रजी कोशाचे कर्ते र्‍हीस डेव्हिड्स १९२२ साली व विल्यम स्टीड १९५८ साली निवर्तले. हा कोश भारतात २०१९ च्या आरंभापासून मुक्त आहे. आय. बी. हॉर्नर यांचे निधन १९८१ मधील असल्यामुळे त्यांच्या विनयपिटकाच्या इंग्रजी अनुवादावरील हक्क भारतात २०४१ अखेरपर्यंत चालेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाच्या बाबतीत वाचकांचा नेहमी गोंधळ होतो. येथे तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ, उदाहरणार्थ १९३६ सालचा ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, हे १ जानेवारी २०१७ पासून हक्कमुक्त झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कृतीची साठ वर्षे लेखकाच्या मृत्यूपासून न मोजता प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. त्यामुळे तो १ जानेवारी २०१८ पासून मुक्त झाला. तिसरा प्रकार महाराष्ट्र शासनाने प्रथमच प्रकाशात आणलेल्या हस्तलिखितांचा. शासनाच्या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडातील ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. बाबासाहेबांचा पाली व्याकरण व कोश १९९८ साली सोळाव्या खंडात आला. त्याची मुदत २०५८ अखेरपर्यंत आहे. एकाच लेखकाचे तीन प्रकारचे ग्रंथ, आणि तिन्हींची कायद्यातील स्थिती भिन्न. म्हणून ‘बाबासाहेबांचे सर्व साहित्य आता मुक्त आहे’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. तसेच ‘शासनाच्या परवानगीवाचून त्यांचे काहीच छापता येत नाही’ असे म्हणणेही बरोबर नाही.

कार्ल्याच्या शिलालेखांचा प्रश्न सर्वांत सोपा होता. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने ज्या लेखात कार्ल्याच्या शैलगृहाची नोंद केली, किंवा ज्या लेखात वलूरक येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी उसभदाताने करजिक गाव दिल्याचे सांगितले आहे, त्यांवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. त्यांचे पाठ बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली आणि सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात छापले. इंद्रजी १८८८ साली, बर्जेस १९१६ साली व सेनार १९२८ साली निवर्तले. त्यांची वाचने केव्हाच मुक्त झाली आहेत. मात्र याच लेण्यांवर आणि त्यांतील दात्यांच्या धेनुकाकट या गावावर ज्यांनी नवा प्रकाश टाकला, त्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे निधन १९६६ मधील आहे. पित्याचे ग्रंथ २००८ पासून मुक्त, पण पुत्राच्या ग्रंथांवरील हक्क २०२६ अखेरपर्यंत टिकणारा. तारखा पाहिल्यावाचून अनुमान करू नये, ते यासाठी.

मूळ, अनुवाद आणि संपादन

बुद्धवचनावर कोणाचाही हक्क नाही. तथापि तिपिटकाच्या प्रत्येक छापील आवृत्तीतील सर्वच काही हक्कमुक्त असते, असा याचा अर्थ नव्हे. संपादकाची प्रस्तावना, तळटीपा, विषयसूची हे त्याचे स्वतंत्र श्रम होत. या बाबतीत न्यायालयीन निर्णयांच्या वार्तापत्रासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये दिलेला एक निर्णय मार्गदर्शक आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या त्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, न्यायनिर्णयाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. केवळ श्रम केले म्हणून संपादकास त्यावर हक्क मिळत नाही. जेथे त्याने स्वतःचे कौशल्य व निर्णयबुद्धी वापरून काही नवे घातले, तेवढ्यापुरताच त्याचा हक्क. पाली ग्रंथांच्या आवृत्त्यांकडेही याच दृष्टीने पाहता येते. सुत्ताचा मूळ पाठ वर्गासाठी उतरवून घेण्यास अडचण नाही. संपादकाच्या दीर्घ प्रस्तावनेचे पुनर्मुद्रण करावयाचे असेल तर विचार करावा लागेल.

अनुवादाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अनुवादकाचा आपल्या अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो. भदन्त आनंद कौसल्यायन यांचे निधन जून १९८८ मध्ये झाले. मूळ ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ मुक्त झाला असला, तरी भदन्तजींनी केलेल्या त्याच्या हिंदी अनुवादास, तसेच त्यांच्या जातकांच्या हिंदी अनुवादास, कायद्याचे संरक्षण २०४८ अखेरपर्यंत आहे. मूळ ग्रंथ घेऊन कोणीही नवा मराठी अनुवाद करू शकेल, पण दुसऱ्याचा विद्यमान अनुवाद आपल्या नावावर किंवा विनापरवाना छापू शकणार नाही.

विनामूल्य मिळणे आणि हक्कमुक्त असणे यांतही अंतर आहे. इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे तिपिटक देवनागरीत ग्रंथरूपाने व पुढे संगणकीय रूपाने अभ्यासकांना उपलब्ध करून दिले. हे फार मोठे कार्य आहे. परंतु एखादी गोष्ट वाचावयास विनामूल्य दिली म्हणजे ती छापून विकण्याचाही अधिकार दिला, असे होत नाही. दात्याने कशासाठी दिले, हे वाचले पाहिजे. उलट भिक्खू सुजातो यांनी आपल्या चार निकायांच्या इंग्रजी अनुवादांवरील सर्व हक्क स्पष्ट शब्दांत सोडून दिले आहेत. ते कोणीही कोणत्याही कारणासाठी वापरावेत.

वर्गासाठी दिलेली मोकळीक

येथपर्यंत हक्कमुक्त ग्रंथांचा विचार झाला. आमच्या संचातील आधुनिक इंग्रजी प्रकरणाचे लेखक मात्र हयात आहेत. त्याचे काय?

याचे उत्तर कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. ज्या कृत्यांनी प्रताधिकाराचा भंग होत नाही, अशा कृत्यांची यादी या कलमात दिली आहे. अध्यापक व विद्यार्थी यांच्या उपयोगाच्या तरतुदी थोडक्यात अशा आहेत.

पहिली : स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, संशोधनासाठी, तसेच टीका अथवा परीक्षण यांसाठी कृतीचा उचित वापर करता येतो.

दुसरी, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : अध्यापनाच्या ओघात अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत काढणे, प्रश्नपत्रिकेत उतारा देणे आणि उत्तरपत्रिकेत तो लिहिणे हा भंग नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही तरतूद पोटकलम एकच्या ‘आय’ या खंडात आहे.

तिसरी : मुख्यतः हक्कमुक्त साहित्याचा समावेश असलेला, खरोखरीच शिक्षणासाठी काढलेला संग्रह छापावयाचा असेल, तर त्यात हक्कयुक्त ग्रंथांतील छोटे उतारे घेता येतात. मात्र एकाच लेखकाच्या ग्रंथांतील दोहोंपेक्षा अधिक उतारे एकाच प्रकाशकास पाच वर्षांच्या काळात छापता येत नाहीत, आणि मुळातच शिक्षणसंस्थांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून ते घेता येत नाहीत.

चौथी : शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात अध्यापक व विद्यार्थ्यांनी नाटक वा गीत सादर केले आणि प्रेक्षक विद्यार्थी, अध्यापक, पालक व संस्थेशी संबंधित मंडळी एवढेच असले, तर तोही भंग नव्हे.

दुसऱ्या व तिसऱ्या तरतुदींतील फरक ध्यानात ठेवावा. वर्गात वाटलेला संच ही एक गोष्ट, आणि बाजारात आणलेला छापील संग्रह ही दुसरी. पहिल्यास उताऱ्यांच्या संख्येची मर्यादा नाही, दुसऱ्यास आहे.

दिल्लीचा खटला

‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ काय, यावर दिल्लीत पाच वर्षे वाद चालला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक छोटे दुकान होते. विद्यापीठानेच त्यास परवाना दिला होता. अध्यापकांनी नेमलेल्या वाचनयादीतील निरनिराळ्या ग्रंथांची प्रकरणे एकत्र करून हे दुकान विद्यार्थ्यांना संच देत असे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकान व विद्यापीठ या दोघांवर दावा दाखल केला. पुढे हंगामी मनाई झाली आणि संच मिळणे थांबले. विद्यार्थ्यांनी संघटना स्थापून दाव्यात पक्षकार म्हणून प्रवेश मिळविला. अमर्त्य सेन यांच्यासारख्या लेखकांनी प्रकाशकांना जाहीर विनंती केली.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. प्रताधिकार हा कोणी ईश्वरदत्त वा निसर्गदत्त हक्क नव्हे, समाजाच्या ज्ञानवृद्धीसाठी कायद्याने दिलेले ते एक साधन आहे, अशी त्यांच्या निर्णयाची भूमिका होती. विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने पाने उतरवीत, तेच काम यंत्राने झाले म्हणून ते अपराध ठरत नाही, असाही विचार त्यात आहे. प्रकाशकांनी अपील केले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग व योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने कायद्याचा मुद्दा अधिक रेखीव केला. अध्यापन म्हणजे केवळ तासाला दिलेले व्याख्यान नव्हे. अभ्यासक्रम ठरविण्यापासून परीक्षेपर्यंतची सारी प्रक्रिया त्यात येते. प्रत अध्यापकाने स्वतःच्या हाताने काढावी असे नाही, दुकानदाराकडूनही काढून घेता येते. किती पाने, याची ठराविक टक्केवारी कायद्यात नाही. कसोटी एकच : अध्यापनाच्या प्रयोजनासाठी तेवढा भाग आवश्यक होता काय? ही आवश्यकता प्रत्यक्षात होती किंवा कसे, हा वस्तुस्थितीचा प्रश्न पुराव्यासाठी खालच्या पातळीवर ठेवण्यात आला. परंतु मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. प्रतींच्या परवान्यांचे काम करणाऱ्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज मे २०१७ मध्ये फेटाळला गेला.

अन्य देशांत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला आहे. अमेरिकेत किंकोज या प्रती काढणाऱ्या दुकानांच्या साखळीविरुद्ध १९९१ मध्ये न्यायालयाने प्रकाशकांच्या बाजूने निकाल दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वर्गासाठी छोटे उतारे काढणाऱ्या शिक्षकांच्या बाजूने कौल दिला. म्हणून परदेशी ग्रंथावर छापलेली परदेशी नियमावली वाचून भारतातील अध्यापकाने गांगरून जाऊ नये. येथे काढलेल्या प्रतीला येथील कायदा लागू होतो. मात्र एक सावधगिरी हवी. दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसतो. तो येथे वजनदार मत म्हणून मांडता येतो.

मोकळीक कोठे संपते

त्याच अभ्यासवर्गाच्या शेवटच्या दिवशी दुसरा प्रसंग घडला आणि तो पहिल्यापेक्षा अधिक बोचणारा होता. एक वृद्ध सेवानिवृत्त शिक्षक भेटीस आले. मावळातील लेण्यांवर त्यांनी मराठीत एक छोटे पुस्तक लिहिले होते आणि निवृत्तीच्या पैशांतून स्वतःच छापले होते. पिशवीत न खपलेल्या प्रती होत्या. बोलता बोलता त्यांनी एका विद्यार्थ्याच्या हातातील झेरॉक्सचा गठ्ठा पाहिला. ते त्यांचेच संपूर्ण पुस्तक होते. मुखपृष्ठ व लेखकाचे नाव गळलेले. विद्यार्थ्यांपैकीच एकाने त्याच्या प्रती काढून, थोडा नफा ठेवून, त्या इतरांस विकल्या होत्या. मुलांनी वाईट हेतूने केले नव्हते. आमच्या वर्गातील संच पाहूनच त्यांना ही कल्पना सुचली होती. ते शिक्षक रागावले नाहीत. “निदान नाव तरी ठेवायचे होते, सर,” एवढेच म्हणाले. आमची मान खाली गेली.

या कृतीचे समर्थन ५२ वे कलम करीत नाही. कारणे तीन आहेत. पहिले, पुस्तक बाजारात सहज व अल्प किमतीत मिळत होते. वर्गासाठी त्यातील चार पाने लागली असती तर ती काढता आली असती. सबंध पुस्तकाची आवश्यकता दाखविणे फार कठीण आहे. दुसरे, प्रती अध्यापनाच्या ओघात काढलेल्या नव्हत्या, विक्रीसाठी काढल्या होत्या. तिसरे, लेखकाचे नाव काढून टाकले होते. कायद्याचे ५७ वे कलम लेखकास दोन विशेष अधिकार देते. कृतीचा कर्ता म्हणून आपली ओळख राहावी हा एक, आणि कृतीची विकृती करून आपल्या प्रतिष्ठेस धक्का लावला जाऊ नये हा दुसरा. हक्क प्रकाशकास विकून टाकल्यानंतरही हे अधिकार लेखकाकडेच राहतात. जाणूनबुजून प्रताधिकाराचा भंग केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा ६३ व्या कलमात सांगितली आहे.

आपल्या चळवळीतील पुस्तके कोण छापतो, हे आपण जाणतो. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर किंवा विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पथारी मांडून बसलेला छोटा प्रकाशक, आणि पदरचे पैसे घालून पुस्तक काढणारा शिक्षक वा कारकून. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्या मुलांसाठी ग्रंथ खुले व्हावेत, हा आग्रह योग्यच आहे. पण त्याच समाजातील लेखकाचे श्रम फुकट घेऊन तो पुरा होत नाही. परदेशी ग्रंथातील एक प्रकरण आणि या शिक्षकाचे सबंध पुस्तक, दोन्ही झेरॉक्सच्याच प्रती. पहिली कायद्याने दिलेली, दुसरी कोणीही न दिलेली.

याच संदर्भात अध्यापकांच्या टिपणांचाही उल्लेख करावयास हवा. अध्यापकाने लिहून दिलेली टिपणे ही त्याची कृती होय. विद्यार्थ्याने ती अभ्यासासाठी उतरवून घ्यावीत. त्यांचे मार्गदर्शक पुस्तक करून विकणे हा अध्यापनाचा भाग नव्हे.

मोबाइलवरून सबंध ग्रंथाची पीडीएफ पाठविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. येथेही कसोटी तीच लावावी. नेमलेले प्रकरण वर्गातील विद्यार्थ्यांपुरते देणे ही एक गोष्ट, आणि सबंध ग्रंथ जगासाठी खुला ठेवणे ही दुसरी. जनतेपर्यंत कृती पोहोचविणे हा कायद्यात प्रतीपेक्षा वेगळा हक्क आहे आणि अध्यापनाच्या तरतुदीत शब्द आहे तो प्रत काढण्याचा.

ग्रंथालय, दिव्यांग वाचक आणि अनुवाद

विहारांशी संलग्न ग्रंथालयांसाठी दोन तरतुदी उपयोगी आहेत. जे पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या उपयोगासाठी काढता येतात. ज्या ग्रंथाची छापील प्रत ग्रंथालयात आहे, त्याची जतनासाठी संगणकीय प्रतही ठेवता येते. दुर्मीळ झालेल्या जुन्या मराठी बौद्ध नियतकालिकांच्या बाबतीत याचा लाभ घेतला पाहिजे. कागद ठिसूळ होत चालला आहे.

दिव्यांग वाचकांसाठी ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा अन्य सुगम स्वरूपात प्रत करण्यास २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आहे. अट एवढीच की, ते काम नफ्यासाठी नसावे व प्रत अशा वाचकांपर्यंतच जावी.

मराठी अनुवादासाठीही एक मार्ग आहे, जो फारसा कोणास ठाऊक नाही. ग्रंथ प्रसिद्ध होऊन सात वर्षे झाली आणि त्या भाषेत त्याचा अनुवाद हक्कधारकाने काढला नाही, तर योग्य मानधन देऊन अनुवाद प्रसिद्ध करण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. परदेशी ग्रंथाचा अनुवाद अध्यापन वा संशोधनासाठी हवा असेल, तर ही मुदत सामान्यतः तीन वर्षांची आहे. पालीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच निर्णयात मराठीलाही. या दोन भाषांमधील पूल बांधावयाचा तर अशा अनुवादांची मोठी गरज लागेल.

आम्ही काय ठरविले

त्या अभ्यासवर्गानंतर आम्ही आमच्यापुरती काही पथ्ये ठरविली. वाचकांपैकी जे अध्यापन करतात, त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून ती येथे देतो. संच तयार करताना प्रथम प्रत्येक लेखकाचे मृत्युवर्ष पाहावे, कारण निम्मे प्रश्न तेथेच सुटतात. हयात लेखकाच्या ग्रंथातून नेमक्या पाठास लागेल तेवढाच भाग घ्यावा. संचाच्या पहिल्या पृष्ठावर अभ्यासक्रमाचे नाव, ग्रंथ, लेखक, प्रकाशक व पृष्ठांक लिहावेत. विद्यार्थ्यांच्या संख्येइतक्याच प्रती काढाव्यात व त्यांवर नफा घेऊ नये. जे मराठी पुस्तक बाजारात मिळते आणि विद्यार्थ्यास परवडते, ते विकतच घ्यावे. ज्यास परवडत नाही, त्यास ग्रंथालयाने द्यावे. आणि आपण स्वतः लेखक असू, तर पुस्तकात ‘सर्व हक्क स्वाधीन’ एवढेच न छापता, अध्यापनासाठी प्रती काढण्यास आपली संमती आहे किंवा कसे, ते स्पष्ट लिहावे. मग घेणाऱ्यास शंका राहत नाही.

लोणावळ्याच्या त्या दुकानात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः गेलो. संच कशासाठी आहे, हे लिहिलेला कागद वर लावला होता. दुकानदाराने तो नीट वाचला, आपल्याजवळ त्याची एक प्रत ठेवून घेतली आणि तीस संच काढून दिले. दुपारी विद्यार्थी ते हातात घेऊन कार्ल्याच्या चैत्यगृहात भूतपालाच्या लेखापुढे उभे होते. समारोपाच्या दिवशी त्या वृद्ध शिक्षकांच्या पिशवीतील सर्व प्रती वर्गाने विकत घेतल्या. ज्या विद्यार्थ्याने गठ्ठा विकला होता, त्याने सर्वांकडून ते गठ्ठे परत गोळा केले आणि प्रत्येकाचे पैसे परत केले. दुसऱ्या शिलाविषयी ज्याने पहिला प्रश्न विचारला होता, त्याला आता आम्ही उत्तर देऊ शकत होतो. ते त्याने पुन्हा विचारले नाही.